खाटीक, विहीणबाई आणि पंधरा दिवसांची पैज

गल्लीतल्या खाटकाची जीभ सुरीपेक्षा धारदार. तीस वर्षं एकाच ठोकळ्यापुढे उभं राहून त्यानं ठोकळ्याच्या मधोमध खळगा पाडला होता. गिऱ्हाईक बघून तो तुकडा निवडायचा: म्हाताऱ्याला मऊ, भांडखोराला नळी. "चोखत बसतो तेवढा वेळ घरात शांतता," तो म्हणायचा.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक-जावई त्याच्याजवळच, दुकानाच्या वर राहत. लेकीला बाळ झालं तेव्हा जावयाची आई महिनाभर मदतीला आली. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या या विहीणबाई मांस खात नव्हत्या आणि गप्पही बसत नव्हत्या.

पहिल्याच जेवणाला म्हणाल्या, "व्याही, तुमचा बोकड रवंथ करतो, ढेकर देतो. त्या ढेकरातल्या वायूनं हवा तापते."

"आमच्यात ढेकर म्हणजे जेवणाचं कौतुक."

"आणि गाईगुरांना खायला जे धान्य पेरतात, त्या जमिनीत डाळ लावली तर किती माणसं जेवतील?"

"माझे बोकड खडकाळ माळावर चरतात. तिथं डाळ उगवून दाखवा."

"हा मुद्दा बरोबर आहे," विहीणबाई म्हणाल्या. "पण सगळेच बोकड माळावर चरत नाहीत."

"डाळभाजीवर माणूस उभा राहत नाही."

"पंधरा दिवस राहून बघा."

खिडकी उघडी होती. अर्ध्या गल्लीनं ऐकलं. आता नाकाचा प्रश्न होता; खाटकानं पैज घेतली.

पहिले चार दिवस खाटीक सगळ्यांवर खेकसला. आठव्या दिवशी तो खिशातले चणे खात मटण तोडत होता, तेव्हा एक गिऱ्हाईक म्हणालं, "खाटीकच चणे खातोय? मालात खोट दिसतेय." त्यानं चणे घाईनं गिळले आणि त्याला ठसका लागला. बाराव्या दिवशी लक्षात आलं, जिना चढताना धाप लागत नाही. विहीणबाई वर उभ्या होत्या, म्हणून तो मधेच थांबला आणि त्यानं मुद्दाम धापा टाकल्या.

तेराव्या दिवशी त्यानं फ्रिज उघडला. भाजीचा कारभार विहीणबाईंकडे होता. आत तीन जुड्या माना टाकून पडलेल्या, एक काकडी बुळबुळीत, आणि सातासमुद्रापलीकडून विमानानं आलेली छोटी फळं बुरशी धरलेली. त्यानं सगळं टेबलावर ओळीनं मांडलं.

"विहीणबाई, मी बोकडाचं डोकं, पाय, आतडीसुद्धा वाया घालवत नाही. यातलं काय पोटात जाणार होतं?"

विहीणबाईंनी चष्मा काढून पुसला.

"चूक माझीच," त्या म्हणाल्या. "विमानाचा तर मी विचारच केला नाही." मग त्यांनी त्याच्याकडूनच सुरी मागून घेतली, जुड्यांमधली धड पानं निवडली आणि दोघांनी मिळून त्यांचं सार केलं. मीठ जास्त झालं. तरी सगळ्यांनी ते संपवलं.

पैज संपल्यावर खाटकानं मटण वाढून घेतलं. एरवी तीन वाट्या लागायच्या, आता एकीतच पोट भरलं. याचं त्याला जरा वाईटच वाटलं. दुकान तेच राहिलं, पण कुणी तिघांसाठी दोन किलो मागितलं की तो एकच किलो तोलायचा. "उरलेलं कचऱ्यात जाणार. परवा परत या." लोक कुरकुरले, मग सवय झाली.

विहीणबाई आपल्या घरी गेल्या. रविवारी त्यांचा फोन येतो. काय सडलं ते तो विचारतो, काय खाल्लं ते त्या विचारतात, आणि दोघंही थोडं थोडं खोटं सांगतात.