‘हाच तो!’ म्हणणारी माणसं

कोर्टाच्या फाटकाबाहेर टायपरायटर मांडून बसलं की किस्से शोधावे लागत नाय, धुळीसारखे आपोआप अंगावर बसतात. टायपिंग माझं मी शिकले, कायदाही इथंच कानावर पडला. कुणाचे उपकार नाय! पण आमच्या गारखेड्याच्या गल्लीतला रंगारी दिलीप सोनसाखळीच्या केसमध्ये आत गेला, तेव्हापासून हे किस्से सांगताना हसू येत नाय. त्याच्याविरुद्ध पुरावा एकच. एका बाईनं त्याला ओळखलं.

*

दिलीपची ओळख परेड तुरुंगातच झाली. तहसीलदारांसमोर कैद्यांची ओळ. बाकीचे जुने, मुरलेले. दिलीप एकटा नवा, रडून डोळे सुजलेले. बाईनं थेट त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“कशावरून ओळखलं?”

“साहेब, हाच घाबरलेला दिसतोय की!”

*

दुसऱ्याच एका केसमधला पैठणकडचा साक्षीदार. वकिलानं विचारलं, “उजेड होता का?”

“अंधार गुडुप!”

“मग चेहरा दिसला कसा?”

“तवा कुठं दिसला? पोलिसांनी दाखवला तवा दिसला!”

सगळं कोर्ट हसलं. आरोपी सोडून.

*

दुसरे एक आजोबा. “आरोपी इथं हजर आहे का?” म्हटल्यावर त्यांनी बोट केलं ते सरकारी वकिलाकडं!

“बाबा, आरोपी कठड्यात असतो.”

“मग आधी सांगायचं ना! तो बघा, तोच!”

*

दिलीपचा वकील पोरगेला, पण वाचणारा. म्हणाला, “मावशी, परदेशात निकाल देणारी साधी माणसं असतात, ज्युरी म्हणतात त्यांना. जज त्यांना आधी बजावतात. साक्षीदार प्रामाणिक असला तरी चुकू शकतो म्हणून.”

“आणि आपल्याकडं?”

“आपल्याकडं ज्युरी नाही. जज स्वतःलाच बजावतात.”

“ऐकतात का?”

पोरग्यानं घड्याळ बघितलं आणि फाईल उचलली.

*

परवा दिलीपला तारखेला आणलं, तेव्हा त्यानंच हे सांगितलं. दुसऱ्याच कुणाच्या तरी परेडला ओळ भरायला म्हणून त्याला उभा केला. साक्षीदार आला, ओळ बघितली आणि हात ठेवला दिलीपवरच!

तहसीलदार म्हणाले, “नीट बघा.”

“साहेब, शंभर टक्के हाच!”

“अहो, ती चोरी झाली तेव्हा हा इथं आतच होता!”

साक्षीदारानं दिलीपला पुन्हा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “मग आत राहून केली असंल!”

दिलीप पोट धरून हसला. लई दिवसांनी. मग बेडीचा हात माझ्या टेबलावर ठेवून हळूच म्हणाला,

“मावशी, खरं सांगा. मी केली तर नसंल ना?”