नुसत्या नावाची पॉलिसी

“मॅडम, तुमी माह्या पोरीची सोयरीक मोडून राह्यल्या.”

चंद्रकलाबाई दारातूनच बोलल्या. आत आल्या नाहीत. एचआरच्या खुर्चीत मी नवीन होते. खुर्चीवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. सोयरीक जोडणं किंवा मोडणं, यातलं काहीच माझ्या जॉब डिस्क्रिप्शनमध्ये नव्हतं.

“मी काय केलं?”

“तुमीच त सांगतलं, दिगंबरभाऊले नुसतं दिगंबर म्हणा म्हून. म्हटलं मी. आता त्यायच्या घरून निरोप आला, रविवारचं साक्षगंध होत नाही.”

साक्षगंध म्हणजे इकडचा साखरपुडा. चंद्रकलाबाईंची मुलगी आणि दिगंबरचा मुलगा. पसंती झाली होती, मुलगा-मुलगी फोनवर बोलू लागली होती, मुलीची साडी फॉल-पिको होऊन आली होती. आणि मधे मी आले.

आमची कंपनी तेलंगणाच्या सीमेवरच्या आदिलाबादजवळची जिनिंग-प्रेसिंग. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणं आणि प्रेसिंग म्हणजे उरलेल्या रुईच्या गाठी बांधणं. चंद्रकलाबाई कापसातला काडीकचरा वेचणाऱ्या बायकांच्या मुकादम. दिगंबर मशिनवरचा फिटर. मी एचआर, म्हणजे माणसं आणि कंपनी यांचं एकमेकांशी काय चाललंय ते बघणारी. निदान मुलाखतीत मी तसं सांगितलं होतं.

आमचं हेड ऑफिस हैदराबादला. तिथे वेणुगोपाल सर बसतात. त्यांचं पद चीफ पीपल ऑफिसर. या जागेला पूर्वी लेबर ऑफिसर म्हणायचे, मग पर्सोनेल मॅनेजर म्हणू लागले. नाव बदलत गेलं तशी केबिन मोठी होत गेली, एवढाच मला समजलेला इतिहास.

सरांनी नुकतीच ‘फर्स्ट नेम कल्चर’ नावाची पॉलिसी काढली होती. कंपनीत कोणी कोणाला सर, मॅडम, अण्णा, मामा, काकी म्हणायचं नाही. मॅनेजरपासून हमालापर्यंत सगळ्यांना नावाने हाक मारायची. त्यामुळे उतरंड जाते आणि समानता येते. सगळ्यांना मोठ्या अक्षरातले बिल्ले वाटायचे आणि प्रत्येक विभागात एक ‘चेंज चॅम्पियन’ नेमायचा.

व्हिडिओ कॉलवर मी शंका काढली. “सर, इथली माणसं एकमेकांना नात्यानेच हाक मारतात. जरा वेळ द्यावा लागेल.”

“सुजाता, डोंट कॉल मी सर. कॉल मी वेणू. अँड दिस इज कॉल्ड रेझिस्टन्स.”

तेवढ्यात त्यांच्या मागून कोणीतरी “सर, चाय” म्हणत कप ठेवून गेलं. त्याला त्यांनी काही म्हटलं नाही.

समानतेबद्दल मला वेगळं सांगायची गरज नव्हती. माझे आजोबा लोकांच्या शेतावर राबायचे. गावातली शेंबडी पोरंसुद्धा त्यांना नुसत्या नावाने हाक मारायची. तेव्हा त्याला फर्स्ट नेम कल्चर म्हणतात हे कोणाला ठाऊक नव्हतं. वडील शिक्षक झाले आणि लोक त्यांना गुरुजी म्हणू लागले, त्या दिवशी आजीने गोड केलं होतं म्हणे. पण मी प्रोबेशनवर होते. प्रोबेशन म्हणजे तुम्हाला ठेवायचं की नाही हे कंपनी ठरवते तो काळ. या काळात आजीच्या आठवणी हेड ऑफिसला कळवत नाहीत.

मी बिल्ले वाटले. चंद्रकलाबाईंना चेंज चॅम्पियन केलं, कारण सांगितलेलं काम त्या चोख करत. तेच नडलं. मशिनमध्ये दोरीचा तुकडा जाताना दिसला तशा त्या ओरडल्या, “दिगंबर, पट्टा बंद करा!” मशिनच्या आवाजावर ओरडायचं म्हणजे साऱ्या शेडला ऐकू गेलं. पट्टा बंद झाला आणि सोयरीकही.

मी दिगंबरला गाठलं. तो ग्रीसचे हात पुसत उभा राहिला.

“अहो, बाईंचा काही दोष नाही. पॉलिसीच तशी आहे.”

“पॉलिसी आमालेबी माईत हाय मॅडम. पण आमी कुठं पाळून राह्यलो?”

“मग हाका कशा मारता?”

“शिट्टी वाजवतो.”

आठवडाभर शेडमध्ये शिट्ट्या वाढल्या होत्या खऱ्या. हेड ऑफिसच्या रिपोर्टमध्ये मी त्याबद्दल ‘कामगारांत उत्साहाचं वातावरण’ असं लिहिलं होतं.

“तुमी शहरातल्या,” दिगंबर समजावणीच्या सुरात म्हणाला. “आमच्या इकडं भांडण झालं त कोणी शिव्या नाही देत. भाऊ म्हणणं सोडून देते, नुसतं नाव घेते. समजणारा समजून जाते. ह्या बाईनं मले इतकी वर्षं भाऊ म्हटलं अन् साक्षगंधाच्या तोंडावर चारचौघांत नुसतं दिगंबर! मंग मी काय समजू? पोरगी नसन द्यायची त सरळ सांगा ना.”

“खरंच कंपनीने सांगितलंय हो.”

“कोणती कंपनी असं सांगन? तुमी तिची बाजू घेऊन राह्यल्या. मोठ्या साहेबानं माह्या तोंडावर सांगतलं, त मानतो.”

चंद्रकलाबाईंना मी हे सांगितलं. त्यांनी चॅम्पियनचा बिल्ला काढून माझ्या टेबलावर ठेवला. “पोरगी कालपासून जेवली नाही,” एवढंच म्हणाल्या.

मोठे साहेब गुरुवारी येणारच होते, पॉलिसीचं यश बघायला. अंगणात मंडप घातला, खुर्च्या मांडल्या, हार आणला. गाडीचं दार मॅनेजरने उघडलं. सर बोलायला उभे राहिले. त्यांचं हिंदी आणि इंग्रजी मिळून बरंच भाषण झालं. त्यात ‘फॅमिली’ हा शब्द इतक्यांदा आला, की मामा-काकी मग बंद का केली असा प्रश्न कोणालाही पडावा. शेवटी त्यांनी विचारलं, “एनी क्वेश्चन्स?”

दिगंबर उठला. मी डोळे मिटून घेतले.

“साहेब, सबको खाली नाम से बुलाना, ये आपनेच बोले क्या? इस मॅडम ने नहीं, चंद्रकलाबाई ने नहीं?”

“बिलकुल मैंने!” सर खुलले. “और मुझसे शुरू करो. कॉल मी वेणू!”

“पक्का?”

“पक्का!”

दिगंबरने घसा साफ केला. साहेब तेलुगू माणूस, त्यांना नीट कळावं म्हणून त्याने तेलुगूचा आधार घेतला आणि शेडमध्ये मारतात तशी हाक मारली, “वेणू! ए वेणू! इक्कड रा!”

म्हणजे, इकडे ये. असं तिकडे घरच्या पोराला बोलावतात.

मॅनेजरने हातातली कपबशी खुर्चीखाली ठेवून दिली. सर हसत होते, पण ते हसू फक्त दातांवर राहिलं होतं. कान लाल झाले होते. एक हात आपोआप टायच्या गाठीकडे गेला. मग ते हळूच माझ्याकडे वळले. “सुजाता, व्हॉट इज हिज डेझिग्नेशन?”

“चेंज चॅम्पियनचे होणारे व्याही, सर,” मी म्हणाले.

दिगंबर मात्र साहेबांकडे बघतच नव्हता. तो बायकांच्या रांगेकडे वळला होता. साहेबांचा चेहरा बघून त्याची खात्री पटली होती: हुकूम साहेबांचाच होता आणि नुसतं नाव साहेबांच्याही मनाला लागतं.

चंद्रकलाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. शेडभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “दिगंबरभाऊ, झालं ना समाधान? बसा आता. साहेबाले चहा पिऊ द्या.”

“हो ताई,” दिगंबर म्हणाला आणि बसला.

मागे कोणीतरी शिट्टी वाजवली. ती मात्र उत्साहाचीच होती.

रविवारी साक्षगंध झालं. मुलगी पोटभर जेवली. मी शेजारीच बसले होते. निघताना चंद्रकलाबाईंनी माझी ओटी भरली आणि पाहुण्यांना ओळख करून दिली, “ह्या आमच्या कंपनीतल्या मॅडम. ह्यायनंच सोयरीक मोडली होती.”

महिन्याभरात हेड ऑफिसचं नवं परिपत्रक आलं. नाव घ्यावं, पण त्याला स्थानिक पद्धतीप्रमाणे भाऊ, ताई किंवा तेलुगूतलं आदराचं गारू असं काही जोडायला हरकत नाही. वेणुगोपाल सरांनी ही कल्पना कोणत्याशा परिषदेत स्वतःची म्हणून मांडली, असं ऐकलं. हल्ली आम्ही सगळे त्यांना वेणूगारू म्हणतो. त्यांना ते आवडतं.

मी यातून घेतलेला धडा लहानसाच आहे. लोकांना कसं बोलवायचं याचा नियम काढणाऱ्याने तो आधी स्वतःच्या नावावर, मोठ्या आवाजात, चारचौघांत करून बघावा.

पुढे माझं प्रोबेशन संपलं. कन्फर्मेशनचं पत्र आलं, कामाची तारीफ होती. वर मायना नुसता ‘सुजाता’ असा होता. पत्र मी दोनदा वाचलं. मनात म्हटलं, आता हे कशावरून रागावले?