सुनिल्दाची बोटं आणि फ्रेतेस साहेबाची सही

नदीकाठच्या कोन्सेप्सिओन गावच्या धक्क्यावर कुणालाही विचारा, आज नदीला पाणी किती हे आधी कोण सांगतं? आमची सुनिल्दा काब्राल. दुसरं नाव कुणी घेणारच नाही.

शिक्षण सहावी. नदी-मापन कचेरीत शिरली ती फरशी पुसायला. पुसता पुसता पडद्याकडं बघायची, बघून बघून सगळं उचललं आणि दोन वर्षांत खुर्चीवर बसली. आहे का कुणाच्या घरात अशी?

तिचा पडदा काळा. चित्रं नाहीत, माऊस नाही. हुकूम टाइप करायचा, यंत्रानं ऐकायचा. बाकीचे लोक तोच लांबलचक हुकूम रोज नव्यानं बडवत बसायचे. हिनं एकेका हुकमाला दोन अक्षरांचं टोपणनाव ठेवलेलं. फायलीचं नाव अर्धं लिहून टॅब दाबायची, उरलेलं यंत्रच लिहायचं. महिन्यापूर्वीचा हुकूम हवा? कंट्रोल आणि आर एकत्र दाबले, त्यातला एक शब्द टाकला की अख्खी ओळ हजर. नदीकाठच्या एकेचाळीस मापन-ठाण्यांचे आकडे एका ओळीत गोळा आणि बोटींना रवाना. सातला बसली की सव्वासातला मोकळी, मग निवांत तेरेरेचा, म्हणजे गार पाण्यात भिजवलेल्या पाल्याचा, पेला भरायची.

तोच पेला नव्या फ्रेतेस साहेबाच्या डोळ्यांत खुपला.

"ही बाई दिवसभर पाला चोखत बसते," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "आमचा देर्लिस बघा, संध्याकाळपर्यंत मान वर करत नाही!"

देर्लिस त्याचा भाचा. इंजिनिअर.

"मान वर करत नाही कारण काम संपत नाही त्याचं," सुनिल्दा म्हणाली.

"तोंड सांभाळ. शुक्रवारी तुझा करार संपतोय. सही माझी लागते."

चौदा वर्षांची नोकरी त्या एका सहीवर टांगलेली. सुनिल्दाला रात्रभर झोप नाही, पण चेहऱ्यावर दाखवेल ती कसली काब्राल!

शुक्रवारी साहेबानं दोघांना शेजारी शेजारी बसवलं. करारनामा टेबलावर, पेन खिशात.

"आज आकडे देर्लिस धाडेल. तू नुसती बघ. हात मांडीवर."

देर्लिसनं सुनिल्दाची टोपणनावांची फाईल, जुन्या हुकमांसकट, आदल्याच दिवशी गुपचूप उतरवून घेतलेली. पडद्यावर तिचीच अक्षरं बघून तिचं डोकं फिरलं.

"चोरा!"

"आता सगळ्यांचंच आहे ते, ताई," तो हसला. ऐट दाखवायला त्यानं वरच्या बाणाची कळ टकटक दाबली, जुनी ओळ वर आली आणि न वाचता ठोकलं एंटर.

ओळ बुधवारची होती, तारखेसकट. नदी रोज वीतभर उतरत होती आणि बासष्ट बोटींना दोन दिवसांपूर्वीचं पाणी कळवलं गेलं. तेवढं पाणी धरून बार्ज भरला तर तळ खडकावर फाटणार.

फोन खणाणला. बार्जवाला कप्तान बाल्बुएना ओरडत होता, "आकडे पाठवणारा प्यायलाय का? पाणी मोजायची माझी काठी वेगळंच सांगतेय! माल चढवू की थांबू?"

देर्लिस घामाघूम. माऊस शोधत होता, जो नव्हताच.

"सुनिल्दा, कर काहीतरी!" साहेब किंचाळला.

तिनं आपल्या कीबोर्डवर हात ठेवले. कंट्रोल-आर, एक शब्द, ओळ नीट वाचली, तारीख आजची केली, एंटर. हात परत मांडीवर. साहेबाची नजर तेव्हा फोनवर होती.

"करतेस ना?"

"साहेब, मी दिवसभर पाला चोखणारी बाई. माझ्याच्यानं काय होणार?"

"अगं बोटी फुटतील!"

"करार तिथं आहे. पेन तुमच्या खिशात आहे."

"ब्लॅकमेल करतेस मला?"

"मग सहीची धमकी देऊन तुम्ही काय करत होता?"

त्यानं दात खात पेन काढलं, टोपण उडालं, सही केली आणि कागद तिच्या अंगावर भिरकावला. "घे! आता पाठव!"

सुनिल्दानं शाई सुकेपर्यंत कागदावर फुंकर मारली. घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला.

"पाठवलं की."

"कधी?"

"तुम्ही 'कर काहीतरी' म्हणालात ना, तेव्हाच. कप्तानाला विचारा, फोन चालूच आहे."

बरोबर आकडा कधीच आला म्हणत फोनमधून बाल्बुएना खो-खो हसत होता. साहेबाचा हात कागदासाठी पुढं आला.

"हात लावून बघा," ती म्हणाली.

नाही लावला.