दस्तगीर मिस्त्रींचा शंख

गेल्या वर्षी डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी, कळंब्याकडच्या आमच्या मंडळाच्या सभागृहात अडुसष्ट हजार रुपयांचे काम ठरले. पन्नास हजार आगाऊ, अठरा हजार काम झाल्यावर. हजर तिघे: अध्यक्ष आण्णा, खजिनदार म्हणून मी, आणि प्लॅस्टरची नक्षी करणारे दस्तगीर मिस्त्री. करारावर तिघांच्या सह्या आहेत. हे आधीच सांगतो, कारण त्या दिवशी काय बोलणे झाले हे पुढे सोयीने विसरले गेले.

आण्णा युरोपची सहल करून आले होते. पॅरिसच्या एका जुन्या हवेलीतल्या दिवाणखान्याचा फोटो त्यांनी मोबाइलवर दाखवला. आरशाच्या वर पांढरी-सोनेरी वेलबुट्टी, मधोमध एक शंख. "आपल्या स्टेजच्या कमानीवर असलंच पायजे!"

मिस्त्रींनी चष्मा कपाळावर सरकवून फोटो बराच वेळ पाहिला. "ह्ये रोकोको हाय, आण्णा. ह्येच्या दोन बाजू सारक्या नसत्यात. आत्ताच सांगतो, मागनं बोंब नको."

"व्हय व्हय. फोटूत हाय तसं करा."

हे मी माझ्या कानांनी ऐकले. पण करारात लिहिले नाही. दोन रुपयांच्या खिळ्याचीही पावती मागणारा मी, आणि नेमके हेच वाक्य सोडले.

मिस्त्रींची एक सवय होती. एखादे पान घडवून झाले की ते परांचीवरून उतरत आणि पाठ भिंतीला टेकेपर्यंत उलटे चालत जात. मग जो कोणी जवळ असेल त्याला विचारत, "नजर कुटं अडकती का बगा." पहिल्या दिवशी मला म्हणाले, "पावणं, बगा की जरा." आठवड्याने ते मला 'पावणं' सोडून 'भाऊ' म्हणू लागले.

त्यांच्या आजोबांनी संस्थानच्या काळात दरबारी छतांची डागडुजी केली होती. हात तिकडून आला आणि माहिती रद्दीत किलोवर घेतलेल्या एका चित्रांच्या पुस्तकातून. ते पुस्तक त्यांनी शेजारच्या प्राध्यापकांकडून तीनदा वाचून घेतले होते. "फ्रान्सचा थोरला राजा मेला, भाऊ. मग सरदार मंडळी म्हणली, बास झाला त्यो दरबारी थाट. शहरात घरं बांधली. लहान खोल्या, आरसं, फिकं रंग. बायकामाणसांनी बसून गप्पा माराव्यात अशा. म्हणून सगळं वळणदार. पुढची पिढी आली सरळ खांब घिऊन, आन् ह्येला हसली. रोकोको ह्ये नावच टिंगलीतनं पडलंया."

"पण दोन बाजू वेगळ्या का?" मी विचारले.

"शंख एकाच अंगानं वळतो, भाऊ. त्येला कुनी म्हनतं का, दुसऱ्या अंगानं बी वळ?"

काम संपल्यावर पाहणीला कार्यकारिणी आली. कोणीतरी म्हणाले, वाकडे वाटते. आण्णांनी मला टेप लावायला सांगितला आणि मी लावला. डावे पान बावीस इंच, उजवे साडेसतरा. मी आकडे मोठ्याने वाचले. खरे होते म्हणून वाचले, आणि त्याचीच मला आजही चीड आहे.

"साडेचार इंचाचा फरक!" आण्णा ओरडले. "मिस्त्री, डोळं मिटून केलासा व्हय?"

"तुमच्याच फोटूत बगा की, आण्णा."

मी फोटो मोठा करून दाखवला. तिथेही डावे पान मोठे होते, शंख उजवीकडे कललेला. आण्णांनी क्षणभर पाहिले. "फोटू तिरका आलाय," म्हणाले. आणि सगळ्यांनी माना डोलावल्या! हवेली तिरकी नाही, मिस्त्री बरोबर नाहीत, फोटो तिरका. त्यांच्या बोटभर पडद्यावरचे त्यांना दिसेना, आणि चाळीस वर्षे कमानीखाली उभ्या राहिलेल्या माणसाला ते माप शिकवत होते.

नक्षी तोडून टाकायची भाषा सुरू झाली तेव्हा मिस्त्री खालच्या आवाजात म्हणाले, "अठरा हजार ऱ्हाऊ द्यात. पर छिन्नी लावू नका."

तोडण्याचाच ठराव मांडला गेला. कारण म्हणून माझेच आकडे इतिवृत्तात आले. करारात लिहिले नसले तरी तोंडाने सांगता आले असते. विरोधात एकही हात वर झाला नाही, माझाही.

तोडायच्या दिवशी मिस्त्री आले. मला वाटले, भांडतील. शिडीवरचा मजूर खालून छिन्नी लावत होता. मिस्त्री खालूनच म्हणाले, "खालनं नगं रं, डोस्क्यावर यील. वरनं सोडवत ये. त्या पानाला आत तार हाय, आदी ती काप." दोन्ही पाने उतरेपर्यंत ते तसेच सांगत उभे राहिले. शंखाची पाळी आली तेव्हा उलटे चालत भिंतीपर्यंत गेले, एकदा वर पाहिले आणि चपला घालून निघाले. या खेपेला त्यांनी कोणालाच काही विचारले नाही.

आता तिथे बाजारातली साच्यातली दोन फुले आहेत. दोन्ही साडेसतरा इंच. मी मोजली आहेत.

दस्तगीर मिस्त्रींचे अठरा हजार दिले गेले नाहीत. तोडणाऱ्या दोघा मजुरांना रोजचे नऊशे प्रमाणे दोन दिवसांचे छत्तीसशे रुपये रोख दिले. देणाऱ्याची सही माझी आहे.