बंद लेडीज खिडकी

पावडरीचा डबा उघडला की मला आजही जरीपटका भागातल्या टॉकीजमधली हडळ आठवते. मी तेव्हा नवी सून होते. विधवा सासूबाईंनी भुताच्या विनोदी पिक्चरचं पोस्टर पाहिलं. फक्त प्रौढांसाठी, रात्रीचा शेवटचा शो. म्हणाल्या, "चाल वं, पाहून येऊ."

असल्या शोला बायकांची तिकीट खिडकी बंदच असायची. सासूबाई पुरुषांच्या रांगेत गेल्या नाहीत. त्या बंद खिडकीवर थापा मारत राहिल्या. डोअरकीपर धावत आला.

"बाई, लेडीजले हा पिक्चर चालत नाही."

"पिक्चरमंदी भूत कोन हाय?"

"हडळ."

"मंग तिले चालते, मले काहून नाही?"

खिडकी उघडली.

आम्ही आत बसलो तसे आजूबाजूचे पुरुष गप्प झाले. पडद्यावर तोंडाला पावडर फासलेली हडळ स्वतःच्याच साडीत पाय अडकून पडली आणि त्या शांततेत सासूबाई एकट्या खदखदून हसल्या. मलाही हसू आलं, म्हणून मी पदर तोंडावर घेतला. त्यांनी तो ओढून काढला.

"लपून काहून हसून राहिली? तिकीट काढलं ना आपण."

या वयात एवढ्या मोठ्यानं हसणं शोभत नाही, असं आता मला घरचे सांगतात. मी तोंडावर हातसुद्धा ठेवत नाही.