पोस्ट दोनचं उत्तर

लढाईच्या तिसऱ्या पावसाळ्यात आमच्या कंपनीला हलण्याचा हुकूम आला. सगळ्यांना वाटलं, आता आघाडीवर जायचं. कोणी बसरा म्हणत होतं, कोणी आसामची सरहद्द. गाडीत बसवलं आणि उतरवलं कुठं, तर लोणावळ्याला. माझं गाव वडगावजवळ. म्हणजे मी युद्धावर निघालो तो थेट घराच्या परसात पोचलो. गावात हसं झालं ते वेगळंच. चुलते भर पारावर म्हणाले, "लढाई हितंच हाय व्हय? मंग जेवायला येत जा."

काम घाटातल्या रेल्वेच्या पहाऱ्याचं होतं. रूळ, पूल, बोगदे. खंडाळा स्टेशनाच्या टोकाला, सिग्नल केबिनजवळ, एका खोलीत आमचं टेलिफोन एक्स्चेंज होतं. मी सिग्नलचं काम शिकलेला लान्स नायक, म्हणून मला तिथं बसवलं. खोलीतून दोन तारा घाटात गेल्या होत्या. एक पोस्ट एकला, पुलापाशी. दुसरी पोस्ट दोनला, खाली बोगद्याच्या तोंडाशी. प्रत्येक पोस्टवर एक नायक, चार जवान, एक पत्र्याची झोपडी आणि हँडल फिरवायचा टेलिफोन. तिकडून हँडल फिरलं की माझ्या बोर्डावर त्या पोस्टचं छोटं शटर खट्‌कन पडायचं.

पोस्ट एकच्या टेलिफोनवर सखाराम होता, इंदुरीचा. पोस्ट दोनच्या टेलिफोनवर बुधा. टाकव्याच्या वर डोंगरात महादेव कोळ्यांची एक वाडी आहे, तिथला. आम्ही तिघं एकाच दिवशी भरती झालो, एकाच बराकीत मार खाल्ला. आता घाटात तिघं तीन जागी. धुकं इतकं, की महिनाभर एकमेकांचं तोंड दिसलं नाही. फक्त आवाज.

दर तासाला टेस्ट कॉल. "पोस्ट दोन, टेस्टिंग." "पोस्ट दोन, ओके." त्यापलीकडे बोलायचं नाही, असा हुकूम. पण संध्याकाळी सहाच्या कॉलनंतर मी बोर्डावर दोन्ही लाइनी जोडून द्यायचो आणि बुधा विचारायचा, "आज काय जमलं?"

ही रीत त्याच्या वाडीची. पावसाळ्यात तिथं शेजारचं घर दिसत नाही आणि घरं टेकाडांवर विखुरलेली. संध्याकाळी घरातलं कोणीतरी बाहेर येतं, लांब सुरात कुकारा देतं आणि दिवसभरात काय झालं ते ओरडून सांगतं. भाताची आवण उरकली. गाय व्याली. गळकं कौल बदललं. समोरच्या टेकाडावरून उत्तर येतं, "जमलं." म्हणजे ऐकलं, तू सुखरूप आहेस, आता घरात जा. उत्तर येईपर्यंत कुकारा देणारा जागचा हलत नाही. समोरून हाक आली आणि हा तिथं नसला, तर लोक समजतात घसरला कुठंतरी, आणि दिवट्या घेऊन शोधायला निघतात.

आम्हाला शौर्याची कामं नव्हतीच. सखारामनं एकदा सांगितलं, "आज पायाच्या पट्ट्या येका दमात बांधल्या. परत सोडाव्या लागल्या न्हाईत." आम्ही दोघं म्हणालो, जमलं. मी सांगितलं, ओल्या लाकडावर चहा केला. जमलं. बुधा जन्मात पायात काही न घातलेला माणूस. त्यानं एका संध्याकाळी सांगितलं, "आज बूट चावला न्हाई." त्या दिवशी आम्हाला इतका आनंद झाला की मी हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिलो. दुसऱ्या आठवड्यात त्याचं पुढचं पाऊल. "आज नायकाच्या घड्याळात बघून वेळ मी सांगितली. बराबर निघाली."

एकदा सखाराम म्हणाला, "गावाकडनं भाऊ आलता. पोरगी चालाय लागली माजी."

बुधा म्हणाला, "चालली ती. तू काय केलंस?"

"मी... मी ऐकलं."

बुधानं ते तोलून बघितलं. त्याला अशा बाबतीत घाई नसे. मग म्हणाला, "ऐकलंस ते बी कामच हाय. जमलं."

आमच्या हवालदारसाहेबांनी एकदा आम्हाला पकडलं. साताऱ्याकडचे, मिशी मोठी आणि दया लहान. मागून येऊन त्यांनी माझ्या हातातला रिसीव्हर काढून घेतला. मी मनात म्हटलं, संपलो. त्यांनी कानाला लावला. पलीकडून बुधा विचारत होता, "आज काय जमलं?" हवालदारसाहेब म्हणाले, "दाढ दुखायची राहिली." पलीकडून दोन आवाज आले, "जमलं." रिसीव्हर माझ्या हातात देऊन ते निघून गेले. तो विषय पुन्हा निघाला नाही.

पाऊस सलग पडत होता. डोंगर पाण्यानं फुगला होता. त्या दिवशी चारच्या टेस्ट कॉलला दोन्ही पोस्ट ओके. पुण्याकडून आलेली पॅसेंजर खंडाळ्याला उभी होती. माणसांनी भरलेली. गार्डची शिट्टी झाली आणि त्याच वेळी पोस्ट दोनचं शटर पडलं.

"एक्स्चेंज."

"पोस्ट दोन. रुळावर दरड आली. बोगद्याच्या तोंडाशी. गाडी थांबव."

"तुमची माणसं?"

"नायक आन् बाकीचे लाल झेंडा घेऊन वर पळाले. धुक्यात डायवरला दिसायचा न्हाई. तू थांबव."

"थांबवतो. तू तिथून नीघ."

"थांबली का सांग," बुधा म्हणाला. "मंग निघतो."

त्याच्या आवाजात घाबरलेपण नव्हतं. बूट चावला नाही हे सांगताना होता तसाच आवाज. मी रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि केबिनकडे धावलो. खालूनच ओरडलो. केबिनमन पारशी होता, म्हातारा. त्यानं एक शब्द विचारला नाही. सिग्नलची तरफ ओढली. गाडी हलली होती. इंजिन प्लॅटफॉर्म सोडून पुढे गेलं होतं. मी रुळाच्या कडेनं पळत होतो आणि हात हलवत होतो. ब्रेक लागल्याचा आवाज आला. तरी चाकं फिरत होती. ती थांबेपर्यंत मी थांबलो, कारण बुधानं "थांबेल का" असं विचारलं नव्हतं. "थांबली का" असं विचारलं होतं. चाकं थांबली. एका डब्यातून एक बाई मुलाला खिडकीशी धरून बाहेर बघत होती. मग मी खोलीकडे पळालो.

रिसीव्हर उचलला. "पोस्ट दोन, थांबली. थांबली रे. नीघ."

लाइनवर काहीच नव्हतं. मी हँडल फिरवलं. पुन्हा फिरवलं. हवालदारसाहेबांनी माझा हात धरेपर्यंत फिरवत होतो.

दुसरी दरड पहिलीहून मोठी होती. तिनं झोपडी नेली. पोस्टचा नायक माणसं घेऊन वर निघाला होता, म्हणून ते वाचले. त्यानं आम्हाला सांगितलं की वळणावरून त्यानं मागे हाक मारली होती, "बुधा, चल." आत फोनपाशी बसलेल्या बुधानं उत्तर दिलं होतं, "उत्तर यायचंय." दोन दिवसांनी तो सापडला. रिसीव्हर हातात होता. सोडवायला त्रास झाला, एवढंच सांगतो. मी तिथं होतो.

पुढे काय झालं ते लोकांना सांगितलं तर हसतात, म्हणून फार सांगत नाही. पोस्ट दोनची तार दरडीखाली गाडली गेली होती. पण त्यानंतरचे कितीतरी दिवस संध्याकाळी सहाच्या सुमारास पोस्ट दोनचं शटर पडायचं. खट्. मी रिसीव्हर कानाला लावायचो. पाण्याचा आवाज. मी दर वेळी सांगायचो, "थांबली रे." पलीकडे पाणी. हवालदारसाहेब म्हणाले, ओल्या तारेत असं होतं. त्यांचं बरोबर असेल. शेवटी त्यांनीच स्वतःच्या हातानं ती तार बोर्डावरून सोडवली. मग शटर पडलं नाही. मी मात्र सहाला त्याच्याकडे बघत बसायचो. सखारामनं त्यानंतर कधी लाइनी जोडायला सांगितलं नाही, मीही जोडल्या नाहीत.

पुढे आम्ही बर्माला गेलो. लोकांना तिथलंच ऐकायचं असतं. तिथं बरंच झालं आणि सखाराम तिथंच राहिला. त्याची पोरगी आता इंदुरीत आजी आहे. तिचं चालणं आम्ही टेलिफोनवर ऐकलं होतं हे मी तिला सांगितलंय.

लढाई संपल्यावर मी बुधाच्या वाडीवर गेलो. टाकव्यापासून चढण आहे. त्याची आई घरात एकटी. मला वाटलं रडेल. तिनं पाणी दिलं, नाचणीची भाकर दिली आणि समोर बसून विचारलं, "शेवटी काय बोलला?"

मी रिपोर्ट दिला. जसाच्या तसा. मला दुसऱ्या तऱ्हेनं बोलता येत नाही.

"मंग उत्तर गेलंच न्हाई त्याला?"

"न्हाई, मावशी. लाइन तुटलेली व्हती."

तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग म्हणाली, "तर मंग त्यो अजून तितंच बसला आसंल. उठायचा न्हाई त्यो. मीच लावलंय त्याला ते वळण." इतकी वर्षं मला जे बोलता आलं नव्हतं ते तिनं चुलीपुढं बसल्या बसल्या सांगितलं होतं.

"मला तितं ने," ती म्हणाली.

पावसाळा सरल्यावर मी तिला खंडाळ्याला नेलं. स्वच्छ दिवस होता. घाटाच्या कडेला, जिथून खाली बोगद्याचं तोंड दिसतं, तिथं आम्ही उभे राहिलो. दरडीची जागा गवतानं भरली होती. एक गाडी खालून वर आली. तिनं ती शेवटच्या डब्यापर्यंत बघितली.

"येवढी माणसं व्हती त्या दिशी?"

"व्हय. येवढीच."

तिनं हातातली काठी खाली ठेवली, पदर कमरेला खोचला, हात तोंडाशी धरले आणि कुकारा दिला. इतक्या बारीक देहातून तो आवाज कसा निघाला कोण जाणे. रस्त्यावरची माणसं थबकली.

"बुधाऽऽ, गाडी थांबली रंऽऽ. समदी माणसं घरला गेलीऽऽ. तू बी ऊठ आताऽऽ."

आवाज खाली गेला, पलीकडच्या कड्यापर्यंत गेला. ती उभी राहिली. मी म्हणालो, "चला मावशी." ती हलली नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. कुकारा तिनं दिला होता. उत्तर आल्याशिवाय ती जागची हलणार नव्हती.

ऊन उतरायला लागलं. खालच्या दरीत सावली भरली. ती एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार टाकत होती, पण बसायला तयार नाही. बर्मात माझ्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आहेत, तिथं काय करायचं ते मला कळत होतं. इथं कळेना. शेवटी मी "आलोच" म्हणून पायवाटेनं खाली उतरलो. झाडीच्या आड, बोगद्याच्या अंगाला, तिला दिसणार नाही इतका. तिथं ओलसर मातीचा वास होता. मी हात तोंडाशी धरले. पहिल्यांदा आवाजच फुटेना. दुसऱ्यांदा फुटला.

"जमलंऽऽ."

वर येऊन बघतो तो तिनं काठी उचलली होती आणि ती स्टेशनाच्या वाटेला लागली होती. मी तिच्याबरोबर चालू लागलो. पुलाजवळ आल्यावर म्हणाली, "तुजा आवाज बसलाय. घरी गेल्यावर गरम पाणी पी."

त्यानंतर ती असेपर्यंत मी दरसाल वाडीवर जात राहिलो. आता तीही नाही. हवालदारसाहेबही गेले. पोस्ट एक आणि पोस्ट दोन, दोघंही गेले. एक्स्चेंज तेवढं राहिलं. संध्याकाळी सहाला मी ओट्यावर येऊन बसतो आणि दिवसभरात काय झालं ते बोलून टाकतो. दोडक्याचा वेल मांडवावर चढवला. चष्म्याची दांडी बसवली. सून आतून "जमलं" म्हणते. तिला सवय झाली आहे. ती बाजाराला गेलेली असली की मी बसूनच राहतो, मग अंधार झाला तरी.

आज मी तुम्हाला पोस्ट दोनच्या बुधाचं सांगितलं. इतकी वर्षं असं सगळं एका दमात कोणाला सांगता आलं नव्हतं. आजचं माझं एवढंच. ऐकलं असेल तर तसं म्हणा, म्हणजे मी उठतो.