एका कंदिलाचं घर

घासलेट आमच्या आष्टीला नगरकडून यायचं. बैलगाडीतून डबे यायचे, हद्दीवरच्या निजामाच्या करोडगिरी नाक्यावर त्यांच्यावर जकात बसायची, आणि मग ते पेठेतल्या दुकानात पोचायचे. तिकडे विलायतेत दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि डबे येईनासे झाले. आले तरी तेल इतकं महाग की दुकानदार मापातलं शेवटचं टिपूससुद्धा आपल्याच डब्यात निथळून घ्यायचा.

वडील शिंपी होते. कचेरीतल्या कारकुनांच्या शेरवान्या आणि लग्नसराईतले अंगरखे ते शिवायचे. दिवसा गिऱ्हाईक बोलत बसायचं, म्हणून खरं काम दिवेलागणीनंतर. ओसरीवरचा कंदील त्यांच्या मशीनजवळ लागायचा. बाकी घरात तीन चिमण्या, म्हणजे बिनकाचेचे छोटे दिवे: एक चुलीपाशी, एक शेळ्यांच्या गोठ्यात आणि एक आत्याच्या खोलीत. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. लहानपणीच कपाळ पांढरं होऊन माहेरी परतलेली. वडिलांकडच्या चिंध्या जोडून ती गोधड्या शिवायची.

तेल संपत आलं तेव्हा आईनं आम्हा दोघी बहिणींना समोर बसवलं आणि तेल जातं कुठं ते बघायला लावलं. वात वर चढवली की उजेड वाढल्यासारखा वाटतो, पण काच काजळते. काच काजळली की उजेड पडत नाही म्हणून आपण वात आणखी चढवतो. म्हणजे जास्त तेल जाळून आपण अंधारच विकत घेतो, असं ती म्हणाली. त्या दिवसापासून काच राखेनं पुसायचं काम माझ्याकडे आलं आणि वात सरळ कातरायचं बहिणीकडे. आज विजेचं बिल आलं की माझी सून घरभर फिरत बटणं बंद करते, तेव्हा मला आईची ती बैठक आठवते.

स्वयंपाक दिवस असतानाच होऊ लागला. भाकरी खाऊन झाली की चूल विझायची आणि तिथली चिमणीही. गोठ्यातली तर आईनं लगेच उचलली. आत्याकडे मागायला तिची जीभ रेटेना. पण आत्यानंच आपली चिमणी आणून चुलीजवळ ठेवली. म्हणाली, "माझ्या हातांना सवय हाय, वहिनी. दादाला उजेड लागतो."

घरात एकच कंदील उरला, तो वडिलांचा. आम्ही त्याच्या कडेकडेनं वावरायचो. आत्या मात्र आपल्या खोलीतच बसायची. सुई मी किंवा बहीण दिवसा ओवून ठेवायचो. तिनंच तसं सांगितलं होतं. तिचं डोकं दुखायचं, आई सुंठीचा लेप घालायची. कधी ती दाराच्या चौकटीवर आपटायची, कधी उंबऱ्याला ठेचकाळायची. सगळेच आम्ही ठेचकाळत होतो. अंधाराचं घर, त्यात कुणाचं पाऊल कशाला अडखळलं हे कोण बघणार?

लढाई संपली. तेल हळूहळू मिळू लागलं आणि बहिणीचं लग्न ठरलं. मांडव उभा राहिला तेव्हा वडिलांनी शेजारपाजारचे कंदील मागून आणले. संध्याकाळी पाहुण्यांसाठी गोधड्या काढायला आत्या तिच्या पेटीपाशी बसली होती. आई मोठा कंदील घेऊन आत गेली, मी तिच्या मागे होते. खोलीचा कोपरान् कोपरा उजळला. आत्या पेटी चाचपत होती. मान वर न करता ती म्हणाली, "वहिनी, उजेड आणा की जरा. पेटीत काय काय हाय, कळंना."

हातातला कंदील खाली ठेवून आई आत्याजवळ बसली आणि तिचा हात हातात घेतला. मग आत्यालाही कळलं असावं, कारण तिनं पुन्हा उजेड मागितला नाही.

लग्न उरकल्यावर वडील तिला गाडीत घालून नगरच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. मीही गेले होते. डॉक्टरांनी बराच वेळ डोळे तपासले आणि मग विचारलं की दिव्याभोवती रंगीत कडं दिसायचं का. आत्या म्हणाली, दिसायचं, चिमणी होती तेव्हापासून. डोळ्यांतला दाब वाढत गेला होता. लवकर आणलं असतं तर थोडंफार वाचलं असतं, आता नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं.

परतीच्या वाटेवर वडिलांनी विचारलं, "सांगितलं कावून न्हाई?"

"मला वाटलं, सगळ्यांनाच तसं दिसतं," आत्या म्हणाली.

त्यानंतर आई रोज दिवेलागणीला आत्याच्या खोलीत चिमणी लावू लागली. वडिलांनी तिला एकदाही अडवलं नाही. आत्याला घासलेटच्या वासावरून कळायचं. काही दिवसांनी ती म्हणाली, "विझवा ती. मला काय करायची? तेवढ्या तेलात दादाची एक बाही शिवून होईल."

आईनं फुंकर मारली. पण ती उठून आली नाही, तिथंच बसून राहिली. पुढं तो रिवाजच पडला. आई चिमणी लावायची, आत्या विझवायला सांगायची आणि मग दोघी अंधारात बसायच्या. मी दाराशी उभी राहून कान द्यायचे. बोलणं काही ऐकू यायचं नाही, फक्त ओसरीवरच्या मशीनची खडखड यायची. तीही मधेच थांबायची आणि बराच वेळ सुरू व्हायची नाही.